आधी वही, मग कटर

पत्र:

मावशी, नमस्कार. आमची वाडी शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, २४ वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याच्या ६० गुंठ्यांत साग लावला. तेव्हा सगळी भावकी उसाकडे वळली होती आणि नानांना हसत होती. बांधाला नीलगिरी, ओढ्याकडेला बांबू, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. पाऊण तास वारा नुसता घोंघावत होता. सकाळी रानात गेलो तर ३१० सागांतले ११८ आडवे. नीलगिरी निम्मी गेली, बांबूची बेटं विस्कटली. एक झाड चुलत सासऱ्यांच्या गोठ्यावर पडलं. जनावरं वाचली, पण पत्रे गेले. तेव्हापासून नाना बोलत नाहीत, सकाळी उठून बांधावर जाऊन बसतात. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला आणि म्हणाला, "पडलेलं सगळं उचलतो, उक्ते ९० हजार. सागाला परवानगी मिळत नाही, आणि पाऊस लागला की सगळं कुजणार." माझे दीर मुंबईला असतात. ते शनिवारी भाड्याचं कटर आणि दोन मित्र घेऊन येणार आहेत. दोन दिवसांत रान साफ करू, उरलेली झाडंही काढू आणि ऊस लावू, असं त्यांचं म्हणणं. माझे मिस्टर दोघांच्या मध्ये अडकलेत. नानांना कोणी विचारतच नाही. मी सून. मी बोलले तर चालेल का? आणि बोलायचं तर काय बोलू?

— शिराळा तालुक्यातली एक वाचक

उत्तर:

चालेल. शनिवारच्या आत बोल, आणि पहिला फोन दिरांना कर. त्यांना ये म्हण, पण कटर आणू नको म्हण.

दीर मदतीला येतायत आणि त्यांना अडवायचं, हे तुला जड जाईल, हे मला कळतं. पण वादळात पडलेलं झाड कापणं हे मुंबईहून दोन दिवसांच्या रजेवर आलेल्या माणसाचं काम नाही. उभ्या झाडाचं वजन कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. पडलेल्या झाडात ताण अडकून बसलेला असतो, वाकवून धरलेल्या वेताच्या छडीसारखा. एका झाडाच्या खांदीत दुसऱ्याचं खोड अडकलेलं असतं, एखादं खोड दोन्ही टोकांना टेकून मध्ये ताणलेलं असतं. कटर लागला की ते सुटतं, आणि कुठल्या बाजूला सुटेल हे जाणत्यालासुद्धा दोनदा बघावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे मुळांसकट उपटलेलं झाड. मुळांचा आणि मातीचा मोठा गड्डा उभा राहतो, खाली खड्डा पडतो. खोड कापून वेगळं केलं की गड्ड्याला खाली ओढून धरणारं वजन जातं आणि तो धाडकन परत खड्ड्यात बसतो. मागे कोणी उभं असेल तर तो माणूस त्याखाली जातो. वाडीतली पोरं त्या खड्ड्यांत लपाछपी खेळत असतील तर ते आजच बंद कर. हे पत्र पुढं वाचायच्या आधी उठून सांगून ये.

स्वीडनच्या दक्षिण भागात जानेवारी २००५ मध्ये गुद्रुन नावाचं वादळ झालं. एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणारे, हाताशी उत्तम यंत्रं, तरीही वादळ सरल्यावर झाडं काढताना माणसं दगावली. आपल्याकडं तर पायात चप्पल आणि डोक्याला टॉवेल बांधून कटर चालवतात. तोडणीला रोज झाडं पाडणारी माणसं लावा. एकानं कापायचं आणि बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं राहायचं. अधांतरी अडकलेली झाडं ट्रॅक्टर आणि साखळी मिळेपर्यंत तशीच राहू द्या. तारेवर किंवा तारेजवळ काही पडलं असेल तर महावितरणच्या १९१२ वर कळवा. लाइनमन येऊन गेल्याशिवाय तिकडं जाऊ नका, लाइट गेलेली असली तरीही.

आता तो व्यापारी. त्यानं तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या: परवानगी मिळत नाही, सगळं कुजेल, आणि ९० हजार.

माझ्या माहेरी, पाटण खोऱ्यात, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी असंच वादळ झालं होतं. वडिलांनी पडलेला साग तिसऱ्या दिवशी विकला, आलेल्या व्यापाऱ्याला, उभ्या उभ्या, ना मोजमाप ना कागद. ट्रक गेल्यावर त्यांनी हिशेब घातला तेव्हा कळलं की दोन फणसांचं लाकूडही त्याच पैशात गेलं, ज्याचा सौद्यात उल्लेखच नव्हता. पुढं कित्येक वर्षं त्या पट्टीत ते पाय टाकत नव्हते. झाडं पडल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं. आपण घाईत विकलं हे त्यांना पचलं नाही. नानांच्या वाट्याला ते येऊ नये एवढ्यासाठी मी हे इतकं लांबवून लिहितेय.

परवानगीचं आधी. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यात काही ठरावीक झाडांना परवानगी लागते, त्यांत साग आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ हेही त्यांतच येतात. पण त्याच कायद्यात असंही आहे की झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं असेल, किंवा वीज, पाऊस अशा नैसर्गिक कारणानं त्याचं मोठं नुकसान झालं असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणजे व्यापारी ज्याची भीती घालतोय तिथं कायदा तुमच्या बाजूनं उभा आहे. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करा. सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि पडलेल्या झाडांचे फोटो जोडा. अर्जात "वादळाने पडलेली व मोडलेली झाडे" हे शब्द स्वच्छ लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पोच न घेता कार्यालयातून बाहेर पडू नका. वनखात्याची माणसं येऊन झाडं बघतात, ओंडके मोजतात, शिक्का मारतात, मग वाहतुकीचा पास मिळतो. वेळ लागतो, हे खरं. परवानगीआधी सागाचा एकही ओंडका रानाबाहेर हलवू नका, स्वतःच्या घराच्या वाशासाठीसुद्धा नाही. नीलगिरी त्या कायद्याच्या यादीत नाही. बांबू तर २०१७ च्या दुरुस्तीनं भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलाच आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर मात्र आधी तहसीलला जाऊन विचारा, तिथं झाडांचा हक्क वेगळा पडू शकतो.

कुजण्याचं अर्धंच खरं आहे. सागाचा बाहेरचा पांढरट थर पावसात खराब होतो, त्याला कीड लागते. आतला गाभा मात्र महिनेच काय, त्याहून जास्त पडून राहिला तरी टिकतो. त्यासाठीच तर लोक साग लावतात. घाई नीलगिरीला आहे. तिची टोकं उन्हात चिरतात, पावसात बुरशी धरतात. आंबा-फणसाची एखादी मोठी खांदी मोडली असेल तर तिलाही थांबायला वेळ नाही. म्हणून आधी नीलगिरी काढा, विका, आणि त्या पैशात तोडणीची मजुरी भागवा. सागाचं नंतर बघू. सागातही एक फरक आहे. मधून मोडलेलं खोड लवकर वाळतं, म्हणून ते आधी घ्या. उपटून पडलेल्या झाडाची काही मुळं अजून जमिनीत असतील तर ते झाड काही आठवडे जिवंत राहतं, लाकूड ओलं आणि ताजं राहतं. पाला हिरवा दिसतोय तोवर ते झाड म्हणजे तुमचं गोदाम आहे. पडलं तिथंच, मुळासकट, राहू दे.

काढलेले ओंडके जमिनीला टेकवू नका. दगडांवर दोन आडवी लाकडं टाकून त्यावर रचा. सावलीत, वर जुने पत्रे टाकून, बाजूनं वारा खेळेल असे. कापलेल्या टोकांना ऑइल पेंट फासा, त्यानं चिरा कमी पडतात.

आणि मग ९० हजार. हा आकडा बरा की वाईट, हे मला इथं बसून सांगता येणार नाही, पण तुम्हाला तिथं उभं राहून काढता येईल. एक शिवणाचा टेप आण. ओंडक्याच्या मध्यावर घेर मोज, इंचात. त्याला ४ नं भाग. आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुण, मग ओंडक्याच्या लांबीनं, म्हणजे फुटांनी, गुण आणि १४४ नं भाग. हे झाले घनफूट. समज, मध्यावर घेर ३० इंच आणि लांबी १० फूट. ३० चा चौथा भाग साडेसात, साडेसात गुणिले साडेसात म्हणजे सव्वाछप्पन्न, त्याला १० नं गुणून १४४ नं भागलं की जवळजवळ ३.९ घनफूट. एका सागातून असा एकच ओंडका धरला तरी ११८ सागांचे ४६० घनफूट झाले. ९० हजारांना त्यानं भाग. घनफुटाला २०० रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि यात नीलगिरी त्यानं फुकटच धरलीय. आता मिस्टरांना इस्लामपूरला, कराडला, कोल्हापूरला दोन-तीन वखारींत जाऊन सागाचा घनफुटाचा भाव विचारून यायला सांग. जाड, मध्यम, बारीक असा वेगवेगळा. तोडणी, ओढणी, गाडीभाडं, परवानगीची धावपळ हे सगळं त्यातून वजा होणार, व्यापाऱ्यालाही पोट आहे. पण वजाबाकी तुमच्यासमोर होऊ दे.

हा चौथाई घेराचा हिशेब लाकडाच्या बाजारातली जुनी रीत आहे. गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळापेक्षा तो कमी येतो, साधारण ७८ टक्के. ती फसवणूक नाही, चौकोनी लाकूड पाडताना वाया जाणारं त्यात आधीच वजा झालेलं असतं. म्हणून त्यावर पुन्हा कोणी "सालीची काट" किंवा "वाकड्याची काट" म्हणून सरसकट सूट मागितली, तर ती कुठल्या ओंडक्याला आणि किती, हे एकेक दाखवायला लावा. वादळानंतर सगळ्यांचंच लाकूड एकदम बाजारात येतं आणि भाव पडतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं आणि आपल्याला घाई असते. सागवाल्यानं घाई टाळली की अर्धा सौदा सुधारतो.

आता वही. व्यापारी, वनखातं, तलाठी या तिघांनाही तोंड द्यायचं तर वहीशिवाय इलाज नाही. शंभर पानी साधी वही घे. प्रत्येक पडलेल्या झाडाला खडूनं नाहीतर रंगानं नंबर घाल. वहीत नंबर, जात, घेर, आणि एक अक्षर: मोडलेलं असेल तर "मो", उपटलेलं असेल तर "उ". तारीख दिसेल असा फोटो काढ, रानाचा चारी कोपऱ्यांतून वेगळा. उभी असलेली झाडंही मोज. तुझ्या सगळ्या पत्रात ११८ आहे. ३१० मधून ११८ गेले तर १९२ साग अजून उभे आहेत, आणि हा आकडा तुमच्या घरात कोणी तोंडानं उच्चारलाय का, हे तू बघ.

पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या. गावात वादळ झालं की पंचनामा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घराचे पत्रे, केळी, ऊस असं सगळं आधी येतं. डोंगराच्या पायथ्याच्या झाडांपर्यंत कोणी चालत येईल असं धरू नका, तुम्ही घेऊन जा. पंचनाम्यात "झाडांचे नुकसान" एवढंच मोघम न लिहिता जात, संख्या आणि अंदाजे वय लिहून घ्या. ई-पीक पाहणीत ही झाडं नोंदवलेली आहेत का बघा, नसतील तर उरलेल्यांची यंदा नोंद करा. पिकविम्यातून लाकडाच्या झाडांना काही मिळत नाही, तो दरवाजा ठोठावण्यात दिवस घालवू नका. राहिली सरकारी मदत. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्रानं आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यांत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत, असा दर होता. त्या दरानं हिशेब धरला तर तुमच्या ६० गुंठ्यांना साडेतेरा हजारांच्या आसपास येतात.

साडेतेरा हजार, २४ वर्षांच्या सागाला. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. हेक्टरावर मोजणाऱ्या मदतीला झाडाचं वय दिसत नाही. तीन वर्षांचं रान आणि चोवीस वर्षांचं रान तिच्या लेखी एकच. शेतकऱ्यांनी बांधावर, पडीवर झाडं लावावीत म्हणून आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. ती झाडं मोठी होऊन पडली तर लावणाऱ्यानं एकट्यानंच सोसायचं, असं असेल तर पुढच्या पिढीतला कोण लावेल? ग्रामसभेत हे मांडा. तुमच्या एका घराचं गाऱ्हाणं म्हणून मांडू नका. खोऱ्यातल्या ज्या ज्या घरांची झाडं गेली त्यांच्या वह्या एकत्र करून, जात आणि वयासह, एक निवेदन तहसीलदारांना द्या. आकडे घेऊन गेलेल्या माणसाला उठून जा म्हणणं अवघड असतं.

पाऊस जोर धरण्याआधी रानात एक काम मात्र पैशाची वाट न बघता करून घ्या. झाडं उपटल्यानं उतारावर जे खड्डे पडलेत, त्यांतून पाणी वाट धरेल आणि वारणेच्या खोऱ्यातला पाऊस एका महिन्यात तिथं ओघळ पाडेल. ज्या खड्ड्यांवरचा गड्डा अजून उभा आहे त्यांच्या जवळ जाऊ नका. मोकळे झालेले खड्डे बुजवा. बारीक फांद्या आणि पाला पेटवून देऊ नका. उताराला आडव्या, हातभर उंचीच्या ओळी रचा. माती तिथं अडकते. सरपणाला लागेल तेवढं वाडीला खुशाल नेऊ दे, पण सगळं झाडून नेऊ देऊ नका.

मोडलेल्या झाडांची खोडं जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिरकी आणि गुळगुळीत कापून घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. सागाच्या बुडख्याला पावसात फुटवे येतात. नीलगिरीलाही येतात. चोवीस वर्षांची मुळं खाली शाबूत असल्यावर तो फुटवा नव्या रोपाच्या कितीतरी पुढं धावतो. आठ-दहा फुटवे आले तर लगेच छाटू नका, वारा आणि गुरं यांतून टिकलेला, बुंध्याला घट्ट धरलेला एक पावसाळ्यानंतर ठेवा, बाकीचे काढा. वहीतली "मो"ची झाडं मोज. तेवढी झाडं गेली असं मी तरी म्हणणार नाही. पडली, एवढंच.

"उ"ची झाडं मात्र वेगळं काही सांगतात, आणि पुढं काय लावायचं हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. गड्डा बाजूनं नीट बघा, लांबूनच. मुळं ताटासारखी सपाट पसरलीत का? मग खाली कडक मुरूम किंवा कातळ आहे, नाहीतर पाणी कायम बुडाशीच मिळत गेल्यानं मुळांना खोल जायची गरजच पडली नाही. बुडाशी मुळं स्प्रिंगसारखी गोल गुंडाळली आहेत का? मग ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिलेलं होतं. लावताना वेटोळं सोडवलं नाही तर ते आयुष्यभर तसंच राहतं आणि झाड मोठं झाल्यावर जोराच्या वाऱ्यात दगा देतं. शेंडे सगळे एका दिशेला पडलेत का, की विस्कटून? वळवाचा वारा पावसाळी वाऱ्यासारखा ठरलेल्या वाटेनं येत नाही. त्यानं तुमच्या रानात कुठून शिरकाव केला हे पडलेली खोडंच दाखवतील. आणि झाडं किती जवळ होती? दोन-दोन मीटरवर लावून कधीच विरळणी केली नसेल तर खोडं उजेडासाठी वर पळतात, जाडी धरत नाहीत. १५ मीटर उंच आणि छातीच्या उंचीला जेमतेम १५ सेंटिमीटर जाड असं झाड शेजाऱ्यांच्या आधारावर उभं असतं. शेजारी पडला की तेही पडतं.

म्हणूनच उरलेल्या १९२ ना यंदा हात लावू नका. त्यांचा आधार आत्ताच गेलाय, आता ती एकेकटी वाऱ्याला तोंड देतील, दोन-तीन वर्षांत बुंधा आणि मुळं भरतील. विरळणी करायची ती त्यानंतर, थोडी थोडी, आणि कडेची जाड झाडं राखून. ज्या बाजूनं वारा शिरला तिथं बांधाला बांबू, करंज, जांभूळ अशी मिश्र ओळ धरा, भिंतीसारखी गच्च नको. वारा अर्धा गाळून जाऊ देणारी ओळच चांगली. गच्च अडवलेला वारा वरून उडी मारून पलीकडं आदळतो. दोन-तीन वर्षांची काही लहान रोपं कलली असतील तर जमीन ओली आहे तोवर हलक्या हातानं सरळ करा. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, सैल, खालच्या अंगाला काठीला बांधा आणि वर्षात सोडा. मोठी झाडं मात्र सरळ करायचा खटाटोप नको, त्यांची मुळं तुटलेली असतात.

उसाचं माझं मत स्पष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याचा मुरूम, उतार, बुडख्यांनी भरलेलं रान. तिथं ऊस लावायला आधी जेसीबी लावून झाडांची मुळं उपटावी लागतील, आणि ज्या मुळांनी ती माती २४ वर्षं धरून ठेवली तीच जातील. २०२१ च्या जुलैत शेजारच्या पाटण तालुक्यात डोंगर खचून काय झालं ते खोऱ्यातला प्रत्येकजण जाणतो. त्या दिवशी शेकडो मिलिमीटर पाऊस झाला होता, दोष एकट्या शेतीचा नव्हता. पण उतारावरची मुळं काढताना तो जुलै मनात असावा. दिरांचं म्हणणं चुकीच्या हेतूचं नाही, त्यांना दरवर्षी हाती येणारा पैसा हवाय. तो ओढ्याकाठच्या बांबूतून आणि नीलगिरीच्या फुटव्यांतून काढता येईल. त्यावर त्यांच्याशी बसून बोला. त्यांना गप्प करून हा प्रश्न सुटणार नाही.

आता नाना. त्यांना शेवटी ठेवलं कारण बाकीचं सगळं त्यांच्यापर्यंत जायची वाट आहे.

उभं पीक गेलं तर शेतकरी म्हणतो, पुढच्या हंगामात बघू. नानांचा हंगाम २४ वर्षांचा होता. त्यांना पुढचा मिळणार नाही हे ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. म्हणून "नाना, परत लावू की" म्हणून त्यांची समजूत घालू नका. "सगळ्यांचंच गेलं" असंही नको. ज्या दिवशी भावकी हसत होती त्या दिवशी ते एकटे होते, आज पडलेल्या झाडांपुढंही ते एकटेच बसलेत. तू वही घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बस. काही विचारू नको. दुसऱ्या दिवशी विचार, "नाना, हा कुठल्या वर्षीचा?" एवढंच. झाडाची खबर त्यांच्याइतकी कोणाला नाही. कुठलं रोप वाळून परत लावलं होतं, कुठल्याला वीज लागली होती, कुठं कातळ वर आहे. हे सगळं त्या वहीत लागणारच आहे, त्यामुळं तू त्यांना खोटं काम देत नाहीस. नातवंडं असतील तर नंबर घालायला त्यांना घे. आकडा नानांनी सांगायचा, पोरानं लिहायचा. व्यापाऱ्याशी सौदा होईल त्या दिवशी नाना खुर्चीवर बसलेले असू देत आणि वही त्यांच्या मांडीवर.

पण डोळा ठेव. जेवण तुटलं, झोप गेली, "आता माझं काय काम" अशी भाषा आली, कोणाचं देणं-घेणं अचानक उरकायला लागले, तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नको. घरातली फवारणीची औषधं कुलपात टाक, आजच. सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानं फोन केला तरी चालतं. तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जायला लागलं तर घेऊन जा, लाज कसली.

चुलत सासऱ्यांच्या गोठ्याचं मात्र थांबवू नका. तुझ्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं, पण भावकीत अशा एका पत्र्यावरून दोन पिढ्यांचं बोलणं तुटतं. पंचनाम्यात गोठा त्यांच्या नावानं वेगळा नोंदवायला सांगा. मदत येईल तेव्हा येईल. पाऊस त्याआधी येतोय. मिस्टरांनी आणि दिरांनी शनिवारी कटरऐवजी हातोडा घ्यावा, त्यांच्या गोठ्यावर पत्रे चढवावेत. नीलगिरीचे सरळ वासे आहेतच तुमच्याकडं, मोडक्या गोठ्याला लागतील तेवढे द्या. दिरांचे दोन मित्र येतायत त्यांनाही चांगलं काम मिळेल.

आणि सावड घाला. आमच्या पाटणकडं आणि तुमच्याकडंही भाताच्या लावणीला घराघरांतली माणसं आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, अशी सावडीनं जातात. त्याच रीतीनं खड्डे बुजवणं, फांद्यांच्या ओळी रचणं, ओंडके सावलीत आणणं होऊन जाईल. कटरचं काम तेवढं जाणत्याचं, बाकीचं सगळं हातांचं. ज्यांची झाडं गेली त्या सगळ्या घरांनी मिळून एकच तोडणीवाला ठरवा, एकाच वखारवाल्याशी बोला. एका घराच्या ११८ झाडांसाठी व्यापारी स्वतःचा भाव सांगतो. पाच घरांच्या सहाशे झाडांसाठी त्याला तुमच्या ओसरीवर बसून ऐकावं लागतं. जेवणाचं तू बघशीलच, आणि त्या दिवशी चुलत सासूबाईंना तुझ्या चुलीवर बोलाव.

बांबूचं राहिलं. बेटं विस्कटलीत म्हणून सगळी कापून काढू नका. मोडलेल्या आणि जुन्या काठ्या तेवढ्या काढा, एक वर्षाच्या हिरव्या काठ्या वाकल्या असल्या तरी राहू द्या, बेटाचं बळ त्यांच्यावर असतं. बुडाशी दोन पाट्या माती आणि शेणखत टाका. पाऊस लागला की नवे कोंब जमिनीतून वर येतील. भाजीला ते चांगले लागतात आणि वाडीतल्या बाया दरवर्षी नेतात, मला माहीत आहे. यंदा त्यांना नाही म्हण. नानांचं नाव सांग.

— मावशी